दात पडले का?

आमच्या इंदूरच्या गल्लीत गणपतीतल्या रविवारी दोन कार्यक्रम ठरलेले असत. सकाळी अथर्वशीर्षाची आवर्तनं आणि दुपारी विवाहित विरुद्ध अविवाहित क्रिकेटचा सामना. पहिल्याला उपस्थिती बेताची, दुसऱ्याला अख्खी गल्ली.

मैदान म्हणजे शाळेमागचा रिकामा प्लॉट. भाद्रपदातली माळव्याची काळी माती ज्यानं तुडवली आहे त्यालाच ती कळेल. दोन रन पळून काढले की बुटाच्या तळाला किलोभर ऐवज. टेनिसचा चेंडू पाणी पिऊन जड व्हायचा, मग तो मांडवातल्या हॅलोजनपुढे धरून वाळवायचा. एका वर्षी तो जरा जास्तच वाळला आणि जळक्या रबराचा वास संध्याकाळच्या आरतीत कापराला पुरून उरला. हरणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पोहे-जिलबी द्यायची. बहुतेकदा विवाहित हरत. मुद्दाम हरत, असा माझा जुना संशय आहे. अविवाहितांच्या खिशात असायचं काय?

अंपायर कायम नाना. धोतर, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि छत्री. आउट द्यायचं झालं की बोट नाही, छत्री वर. नानांनी लहानपणी यशवंत क्लबच्या मैदानावर होळकरांची टीम पाहिली होती. सी. के. नायडू कप्तान, मुश्ताक अली सलामीला. त्या टीमनं 4 वेळा रणजी जिंकली: 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53. ही वर्षं आम्हाला पाढ्यांसारखी पाठ होती, कारण ती म्हणून दाखवल्याशिवाय नाना लिंबू सरबताला हात लावू देत नसत.

त्यांचा लाडका किस्सा दातांचा. पन्नाशी उलटलेल्या नायडूंच्या तोंडावर दत्तू फडकरांचा चेंडू बसला, दात पडले, तर म्हणे त्यांनी ते पिचवरून बाजूला सारले आणि पुन्हा स्टान्स घेतला. त्यामुळे आमच्यापैकी कुणी चेंडू लागून रडायला लागलं की नाना फक्त विचारायचे, "दात पडले का? नाही ना? मग उभा राहा."

आता मी जर्मनीत. इथे शनिवारी सहकारी गळ्यात आपल्या गावच्या क्लबचा मफलर घालून फुटबॉल बघायला जातात, आजोबा-नातू एकाच स्टँडमध्ये. "तुझी टीम कुठली?" असं कुणी विचारलं की पंचाईत होते. माझी होळकरांची टीम 1954-55 च्या मोसमानंतर रणजीत उतरलीच नाही, हे जर्मनमध्ये सांगायचं कसं? पुढे मध्य प्रदेशची टीम आली. तीच आपली मानली.

इथल्या मराठी मंडळाची उन्हाळी सहल 26 जून 2022 च्या रविवारी होती. त्याच दिवशी बंगळुरूला रणजी फायनलचा पाचवा दिवस: मध्य प्रदेश विरुद्ध मुंबई. मंडळात निम्मे मुंबईकर, उरलेले पुणेकर, आणि इंदूरचा मी एकटाच. एका हातात कणसं भाजायचा चिमटा, दुसऱ्या हातात फोन. जिंकायला 108 हव्या होत्या. आमच्या इंदूरच्या रजत पाटीदारनं विजयी रन काढला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या बाकावरच्या जर्मन आजी दचकल्या.

"अहो, मराठी असून मुंबई हरल्यावर नाचता?" चिटणीसबाई म्हणाल्या.

"आमचे कोच चंद्रकांत पंडितच आहेत ना, आणि तेही मुंबईचेच!" मी म्हणालो. 1998-99 ची फायनल ते याच मैदानावर मध्य प्रदेशचे कप्तान म्हणून कर्नाटकविरुद्ध हरले होते. त्या दिवशी फोनच्या पडद्यावर ते रडताना दिसले आणि मला आठवली ती छत्री. नाना असते तर ती कितीदा वर गेली असती!

इंदूरला मित्राला फोन लावला. मागे फटाके, ढोल, आणि तो एकच वाक्य घोकतोय, "भिया, जिंकलो रे!"

त्या भाद्रपदात त्यानं सामन्याचा व्हिडिओ पाठवला. अंपायर आता तोच. छत्री मात्र नाही. सरबताआधी पोरांकडून वर्षं म्हणवून घेताना त्यानं शेवटी 2021-22 जोडलं. एक पोरगं तिथंच अडून बसलं: "काका, ते होळकर नाही, ते एमपी." त्यावरून दोन विवाहितांत जुंपली आणि सरबत तसंच राहिलं.