मांजरा धरणाचे पाणी आणि टेलचा शेतकरी

केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा नदीवर बांधलेल्या धरणाचा विषय आमच्या भागात निघाला, की ‘किती टक्के भरले?’ एवढेच विचारले जाते; भरलेले पाणी पुढे कोणाच्या उपयोगी पडते, याची चौकशी फारशी होत नाही. धरणाची एकूण साठवणक्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर असून त्यातील सुमारे ४७ दशलक्ष घनमीटर मृतसाठा, म्हणजे कालव्यात न उतरणारे तळाचे पाणी, आहे. लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब यांची तहान याच साठ्यावर भागते. धरण कोरडे पडल्यावर काय होते, हे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूरला वेगळे सांगायला नको.

सिंचनाचा लाभ मात्र कागदावरील लाभक्षेत्राच्या हेक्टरांत पुरता मोजता येत नाही. कालवा वाहू लागला, की आसपासच्या विहिरींना पाझर फुटतो आणि ज्यांच्या शेतात चारी, म्हणजे कालव्यातून पाणी नेणारा छोटा पाट, पोहोचलेली नाही, त्यांचाही हरभरा तरतो. आपल्याकडची रब्बी ज्वारी बहुतांशी जमिनीतील ओलीवर येते. ती पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या बेतात, असताना एक संरक्षित पाणी मिळाले, तर धान्य वाढते आणि कडबाही, म्हणजे जनावरांची उन्हाळ्याची सोय होते. याउलट ऊस वर्षभर रानात उभा राहतो आणि धरण सर्वांत खाली गेलेले असते, त्याच एप्रिल-मे महिन्यांत पाणी मागतो. ऊस लावणाऱ्याला मी दोष देत नाही, कारण हमखास खरेदी होणारे दुसरे पीक त्याला दाखवायचे कोणते? तरीही ठिबकाशिवाय कालव्याचे पाणी उसाला देणे मला पटत नाही.

उन्हाळ्यात उघडा पडणारा गाळ मुरमाड रानात नेऊन टाकला, तर तेथे ओल टिकते; २०१७ पासून त्यासाठी शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजनाही आहे. मासेमारी आणि गाळपेर, म्हणजे पाणी ओसरून उघड्या पडलेल्या जमिनीत घेतलेले पीक, हे आणखी दोन लाभ, आणि त्यांवर पहिला हक्क बुडीत क्षेत्रात जमीन गेलेल्यांचाच असावा, असे माझे मत आहे.

२००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना पाणी मोजून घेण्याचा आणि आपसांत वाटण्याचा अधिकार दिला आहे. संस्था केवळ नोंदणीपुरती राहिली, तर मुखाकडचे शेतकरी भिजवून घेतात आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, चारी कोरडीच राहते. म्हणून कालवा सल्लागार समितीत रब्बीची आवर्तने, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्या, ठरतील, तेव्हा गावागावांतील संस्थांनी पाणी टेलकडून मुखाकडे देण्याचा आग्रह धरावा आणि प्रत्येक पाळीचे मोजमाप ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे.