मेणवलीची सावली मोठी करताना

वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेवर जो घाट आहे, तिथे डिसेंबरात सकाळी बसून मी आठ बाय दहा इंचांची एक तैलरंगातली स्टडी, म्हणजे छोटं अभ्यासचित्र, केली होती. पन्नास मिनिटांत संपवली, कारण तेवढ्यात सावली एक पायरी खाली सरकली. पायऱ्यांवर झाडाची तिरकी सावली आणि खाली हिरवट पाणी, एवढंच चित्र.

त्या सावलीसाठीच ते मोठं करायचं ठरवलं. शेजारच्या पायरीवरचं ऊन परतून सावलीत शिरतं आणि दगडाला जांभळट, उबदार छटा येते. मोबाइलच्या फोटोत तिथे नुसता काळा डाग आहे. स्टडीत मात्र ती छटा सापडलीय, अल्ट्रामरीन निळ्यात आणि बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरीत किंचित गुलाबी घालून.

बत्तीस बाय चाळीसचा कॅनव्हास ताणला, चौकोन आखले आणि स्टडी जशीच्या तशी उतरवली. आठवडाभराने पाहिलं तर पायऱ्या फळ्यांसारख्या दिसत होत्या. स्टडीत ब्रशच्या एका फटक्यात अख्खी पायरी उभी राहिली होती. तोच फटका चौपट केल्यावर आत काहीच उरलं नाही. क्षेत्रफळ सोळापट झालं होतं आणि माझ्याकडची माहिती तेवढीच होती. फार वाईट वाटलं. तो कॅनव्हास खरवडला.

मग पुन्हा मेणवलीला गेले, या वेळी रंग घरीच ठेवून. दोन तास फक्त पेन्सिल. दगडांचे सांधे कुठे येतात, कोणत्या पायरीची कड झिजलीय, पाणी दगडाला टेकतं तिथली ओली रेघ किती रुंद आहे. स्टडीत उणीव होती ती रेखाटनाची, हे तिथे बसल्यावर नीट कळलं.

इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल मोठ्या चित्रांआधी त्याच मापाचं कच्चं तैलचित्र करायचा. १८२१ च्या ‘द हे वेन’साठी केलेलं तसं स्केच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. सहा फुटी चित्र दोनदा रंगवायचं! माझ्याकडे तेवढी जागा नाही, म्हणून मी सोळा बाय वीसच्या कागदावर कोळशाने गडद-फिकट ठरवून घेतलं.

आणखी एक गोष्ट चुकत होती. उन्हात बसून रंगवलं की रंग उजळ भासतात आणि हात नकळत गडद मिसळतो. घरात आणल्यावर स्टडी मंद दिसते. त्यामुळे या वेळी उन्हाचा भाग स्टडीपेक्षा एक छटा उजळ घेतला. सावलीच्या रंगाचा मोठा गोळा मात्र आधीच करून ठेवला आणि रंग कालवायच्या नाइफच्या टोकावर घेऊन स्टडीच्या कडेला लावून लावून जुळवला, तोही दिवसा, खिडकीजवळ. ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग सकाळी निळा पडलेला मी पाहिलाय.

पायऱ्या आता दगडाच्या वाटतात. पाणी अजून जमलेलं नाही. रविवारी वाईची पहिली एसटी पकडणार आहे, या वेळी पेन्सिलबरोबर हिरव्याच्या दोन ट्यूबही घेऊन.