डाग क्रमांक 17

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. या वेळेला गिऱ्हाइकाचं नाव दिसलं की समजायचं, माणूस रात्रभर झोपलेला नाही.

"तुम्ही आमच्या फरशीला कसला रोग लावून गेलात, ते जरा येऊन बघा."

काका पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. एरंडवण्यात जुना बंगला. हॉल, जेवणाची खोली आणि देवघर मिळून 640 चौरस फूट मकराण्याचा संगमरवर, त्यांच्या वडिलांनी बसवलेला. तो आम्ही आषाढाच्या शेवटी घासून, पॉलिश करून दिला होता. दर फुटाला 55, एकूण 35,200. अर्धे कामाआधी, अर्धे काम झाल्यावर. हे दुसरे 17,600 अजून यायचे होते. माझ्या धंद्यात डाग नेहमी दुसऱ्या हप्त्याच्या आधीच उगवतात, त्यामुळे फोन ठेवताना मी मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा झालो होतो.

माझ्या हत्यारांच्या पिशवीत पॉलिशचे पॅड, टॉर्च, खरवडायची पत्री यांच्या जोडीला एक लिंबू आणि संगमरवराचा वीतभर तुकडा कायम असतो. लिंबू मंतरलेलं नसतं, पण काम तसंच करतं. गिऱ्हाईक भांडायला लागलं की त्या चकचकीत तुकड्यावर चार थेंब पिळायचे, पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग पुसून दाखवायचं. थेंबाच्या जागी दगड आंधळा झालेला असतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आंबट लागलं की वरची झिलई विरघळते. लोक त्याला डाग म्हणतात आणि घासघास घासतात, पण तिथे काही चिकटलेलं नसतंच, उलट होतं तेच गेलेलं असतं. कोटा आणि शहाबादी हेही चुनखडीच्याच कुळातले. ग्रॅनाइटला लिंबाचं काही वाटत नाही. दहातल्या सात तक्रारी लिंबू, चिंच नाहीतर संडासाचं ॲसिड यांवरच येऊन थांबतात, त्यामुळे लिंबावर माझा फार भरवसा.

काकांनी मला बसायला सांगितलं नाही. जेवणाच्या टेबलावर फाईल उघडी होती. आत आलेख-कागदावर हॉलचा नकाशा, एक फुटाला एक सेंटिमीटर. खिडक्या, खांब, देवघराचा उंबरा, सगळं पट्टीनं काढलेलं. त्यात पेन्सिलीनं 23 गोल, प्रत्येकाला क्रमांक, आणि कडेला डाग कुठल्या तारखेला दिसला त्याची नोंद. तीस वर्षं कालवे मोजलेला माणूस. मी आजवर पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत, पण स्केलवर काढलेली तक्रार पहिल्यांदाच पाहिली.

"आरशासारखं करून देतो म्हणाला होतात," काका म्हणाले.

म्हणालो होतो. दर सांगताना हा शब्द तोंडातून जातोच.

देवघरापाशी वाकून पाहिलं. क्रमांक 18 ते 23. वाटोळी, पांढुरकी वळी; एक तांब्याच्या बुडाएवढं, एक तबकाएवढं. बोट फिरवलं तर खरखर. मी काही न बोलता तुकडा काढला, लिंबू पिळलं. काकू दारात उभ्या होत्या. पाच मिनिटांनी थेंब पुसला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "अहो, सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी मीच बसले होते इथे भांडी घेऊन. चिंच लावून ठेवली होती. ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही आता."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मी लिंबू पिशवीत टाकलं. खरं सांगतो, त्या क्षणी 17,600 माझ्या खिशात पडल्यासारखे वाटले.

पण कागद समोरच होता. वळी सहाच, देवघरापाशी गोळा झालेली. 1 ते 16 मात्र भिंतीच्या कडेकडेनं, मुंग्यांच्या रांगेसारखे. चिंच काही भिंत धरून चालत नाही. शिवाय 1 ते 16 च्या तारखा सगळ्या पावसाची झड लागली त्या तीन दिवसांतल्या.

मी टॉर्च जमिनीवर आडवी ठेवून गाल फरशीला लावला. वरून जे नुसते तपकिरी ठिपके दिसत होते, मोहरीएवढे, त्यांच्या प्रत्येकाच्या मधोमध एक बारीक केस होता.

"काकू, फ्रीजवर चिकटवायचं लोहचुंबक आहे का घरात?"

त्यांनी अष्टविनायकाहून आणलेला गणपती आणून दिला. मी तो दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातला आणि स्कर्टिंगच्या सांध्यावरून हळूहळू ओढत नेला. उचलला तर पिशवीला खाली दाढीच्या खुंटासारखे करडे केस उभे. दुसऱ्या भिंतीला तेच. तिसऱ्याही.

ते आमचेच. शेवटचा हात देताना झिलई आणणारं क्रिस्टलचं केमिकल शिंपडून त्यावर मशीनखाली स्टील वूल, म्हणजे केसाएवढ्या लोखंडी तारांची लोकर, फिरवतात. घर्षणानं दगड तापतो आणि चमक धरतो. त्या लोकरीचे तंतू तुटून कडांना आणि सांध्यांत अडकतात. ते व्हॅक्यूमनं कोरडेच ओढून काढायचे असतात, पाणी लागू द्यायचं नसतं, नाहीतर ते गंजतात. काकांच्या घरी सोमवारी पूजा होती, म्हणून तीन दिवसांचं काम आम्ही दोनात उरकलं. रविवारी रात्री साडेअकराला मशीनवरचा पोरगा विचारत होता, "दादा, व्हॅक्यूमची पिशवी भरलीय. कडा उद्या सकाळी मारू का?" मी म्हणालो होतो, "फडकं ओलं करून घे पुसून, उद्या पूजा आहे." माझंच वाक्य. शब्द न् शब्द आठवला.

गप्प बसायचा मोह झाला नाही असं नाही. समोर चिंचेची कबुली होती, त्यात 16 ठिपकेही खपले असते. पण चुंबक काकूंचं होतं आणि त्या माझ्याहून जवळ वाकून ते केस बघत होत्या.

"हे आमच्याकडून झालंय," मी म्हणालो. लोकर, फडकं, रविवारची रात्र, सगळं सांगितलं.

काका ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी पेन्सिल उचलली आणि कडेला लिहिलं: "1 ते 16 : कंत्राटदार. 18 ते 23 : गृहिणी."

"आणि कामवालीला सुट्टी कुणी दिली तेही लिहा," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

त्यानंतर मला खुर्ची मिळाली.

काकांनी पुढचा प्रश्न असा विचारला की मी मनात नमस्कार केला. ताजमहालही मकराण्याचाच, त्याला मुलतानी मातीचा लेप देतात हे त्यांनी वाचलं होतं, मग इथे का नको? धुराच्या, धुळीच्या पिवळेपणाला ती ठीक. पण मुलतानी मातीत स्वतःचं लोह असतं आणि आमचा डाग गंजाचा. शिवाय गंज म्हटला की लोक ऑक्झॅलिक काढतात. त्यानं गंज जातो, पण तेही ॲसिडच, झिलई घेऊनच जातं. म्हणून पांढरी चिनी माती, तीत सोडियम सायट्रेट आणि कापड रंगवणारे वापरतात ते हायड्रोसल्फाइट. घट्ट कणकेसारखं मळून डागावर थापायचं, वर प्लास्टिक, तासाभरानं काढून भरपूर पाण्यानं धुवायचं. वास गंधकाचा, उग्र. खिडक्या उघड्या ठेवायच्या.

शनिवारी गेलो. आधी सगळ्या कडा व्हॅक्यूमनं दोनदा, मग चुंबक, मग लेप. बहुतेक ठिपके पहिल्या हातात गेले. 4 आणि 11 सांध्यातले होते, त्यांना तीन वेळा लेप द्यावा लागला. वळ्यांना लेपाचा उपयोग नव्हता. ती हातमशीननं 400, 800, 1500, 3000 अशा चढत्या नंबरांच्या, म्हणजे अधिकाधिक बारीक, पॅडनं घासून आजूबाजूच्या झिलईला मिळवली. 1 ते 16 चे पैसे घेतले नाहीत. वळ्यांचे 1,200 सांगितले. काकांनी 1,000 केले. हो म्हणालो.

चेक लिहून झाला, पण हातात येईना. आधी नकाशा पुढे आला. प्रत्येक क्रमांकासमोर त्यांनी एक चौकट आखली होती: डाग गेला, सही. मी गुडघ्यावर एकेक जागा दाखवत गेलो, ते भिंगातून बघत गेले, मी सही करत गेलो. 16 झाला. 17 वर मी थांबलो.

17 हॉलच्या मधोमध, एकटाच. करडा, तिरपा, बोटाएवढा. त्याला मी हातच लावला नव्हता.

"काका, याच्यावर मी सही करणार नाही. हा डाग नाही. ही दगडाचीच रेघ आहे, खाणीतून आलेली. शेजारच्या फरशीत बघा, तीच पुढे गेलीय. इतकी वर्षं गालिच्याखाली होती, म्हणून दिसली नसेल."

काका भिंग घेऊन खाली बसले. बराच वेळ बसले. रेघेच्या मागोमाग शेजारच्या फरशीवर सरकले, तिथून पुढच्या. मग उठले, खोडरबर शोधलं आणि 17 पुसला. पुढच्या सहा डागांचे क्रमांकही खोडून एकेकानं खाली आणले.

"हं, आता 17 वर करा," म्हणाले. "हा तबकाचा."