‘तुम्ही’पासून ‘तू’पर्यंत: नेब्रास्काच्या माळावरची प्रेमकथा लिहिताना

गेल्या वर्षी मी एक दीर्घकथा लिहून पूर्ण केली. तिचा काळ १८७१ ते १८७६, स्थळ अमेरिकेतील नेब्रास्काचे माळरान आणि विषय शेजारशेजारच्या जमिनींवर राहणाऱ्या दोघांचे प्रेम. ओमाहात बरीच वर्षे काढल्यामुळे तो माळ माझ्या ओळखीचा आहे आणि सोज्वळ प्रेमकथा मला मनापासून आवडतात, त्यामुळे हे लेखन जड जाणार नाही असे वाटले होते. पहिला खर्डा एका दिवाळी अंकाकडून साभार परत आला. सोबतच्या चिठ्ठीत विचारले होते, की दोघांचे मन जुळले आहे, अडवणारे कोणी नाही, मग ही दोघे थांबतात कशासाठी?

प्रश्न रास्त होता. कथा सोज्वळ राहावी एवढ्याचसाठी मी त्यांना लांब ठेवले होते, आणि वाचकाला ते लगेच जाणवले. संयमाला परिस्थितीचे कारण हवे, हे तेव्हा नीट उमगले.

ते कारण मला जमिनीच्या कायद्यात सापडले. १८६२च्या होमस्टेड कायद्याने एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला सगळे मिळून अठरा डॉलर शुल्कात १६० एकर सरकारी जमिनीवर हक्क सांगता येत असे. मात्र तिथे घर बांधून पाच वर्षे राहावे आणि जमीन कसावी लागे. अविवाहित किंवा विधवा स्त्रीला हा हक्क स्वतःच्या नावावर मिळत असे; नवऱ्याच्या घरात नांदणाऱ्या स्त्रीला तो नव्हता. शिवाय पतिपत्नीचे घर एकच मानले जाई, म्हणून दोघांना दोन वेगळ्या जमिनींवर एकाच वेळी राहत असल्याचे दाखवता येत नसे. माझ्या नायिकेने नावनोंदणीनंतर लगेच लग्न केले असते, तर तिची जमीन धोक्यात आली असती. आता तिच्या थांबण्याला अर्थ आला, आणि त्याच्या वाट पाहण्यालाही.

त्यानंतर मी बिॲट्रिसजवळचे होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान पाहून आले. तिथे १८६७ साली बांधलेले लाकडी ओंडक्यांचे एक घर जतन केले आहे. चौदा फूट बाय सोळा फूट, एवढेच. त्या दारात उभी राहिले तेव्हा ध्यानात आले, की पाहुणा आला तर त्याला बसवायला वेगळी खोलीच नसे, आणि म्हणून माझा नायक पहिली दोन वर्षे तिच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. झाडे दुर्मीळ असलेल्या पश्चिमेकडच्या भागात तर घरेही मातीचीच. नांगराने गवताच्या मुळांसकट मातीची फूटभर रुंद पट्टी उलटायची, तिचे हातभर लांबीचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून ते विटांसारखे रचायचे. भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार. पण पाऊस थांबल्यावरही छत कितीतरी वेळ गळत राही, आणि वरून माती पडू नये म्हणून आढ्याखाली मांजरपाट ताणून बांधत. मी पावसाचा अख्खा प्रसंग त्या कापडावर लिहिला आहे: ते पाण्याने फुगत चालले आहे, नायिका खालून काठीने त्याला आधार देते आहे, आणि तो बाहेरून छतावर माती दाबतो आहे. दोघांत भिंत आहे, तरी दोघांचे काम एकच आहे. कथेतला माझा सर्वांत आवडता भाग हाच.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. ज्या लूप नदीकाठी मी कथा वसवली, तिथे पॉनी या मूळनिवासी अमेरिकन जमातीची मातीची गोल घरे आणि मक्याची शेते होती, आणि याच वर्षांत त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले. ‘रिकामा माळ’ हे शब्द मी कथेतून काढून टाकले, आणि नायिकेच्या नांगराला एका विझलेल्या चुलीचे दगड लागतात, असे लिहिले. ती तेवढी जागा कधीच पेरत नाही.

सर्वांत जास्त वेळ घेतला संबोधनाने. तिथल्या भाषेत त्या काळी सर्वांना एकच सर्वनाम होते. मराठीत मात्र प्रत्येक वाक्याला ‘तुम्ही’ की ‘तू’ हे ठरवावे लागते. तिने त्याला ‘अहो’ म्हटले, की माळ नाहीसा होऊन सदाशिव पेठेतला वाडा उभा राही. पहिल्यापासून ‘अरे’ म्हटले, की तो काळ हातून निसटे. शेवटी पाच वर्षे दोघेही ‘तुम्ही’च म्हणतील, असे ठरवले. १८७४ साली टोळधाड येऊन उभे पीक गेले, त्या संध्याकाळीसुद्धा तो एवढेच म्हणतो, “तुमच्याकडे बियाणे उरले आहे का?”

पाच वर्षांनंतर मालकी सिद्ध करताना दोन साक्षीदार लागत. पहिल्या खर्ड्यात शेवटी बागेतला प्रेमाचा कबुलीजबाब होता. तो काढून मी कचेरीतली साक्ष लिहिली. शेजारी म्हणून तो शपथेवर सांगतो: घर बारा बाय चौदा, दार एक, खिडक्या दोन, नांगरलेली जमीन तीस एकर, आणि या बाईंनी पाच वर्षांत इथला मुक्काम कधी सोडलेला नाही. कारकून लिहून घेतो. बाहेर आल्यावर ती कागद नीट घडी घालून पदरी ठेवल्यासारखा छातीशी धरते आणि गाडीत त्याच्यासाठी जागा करत म्हणते, “चल, तू बस इकडे.”