केपटाऊनचे 50 लिटर आणि आजीचं लाटणं

2018 च्या फेब्रुवारीत आमच्या केपटाऊनमध्ये माणशी दिवसाला 50 लिटर पाण्याची मर्यादा आली. दोन मिनिटांत आंघोळ उरकायची, अंगावरून गेलेलं पाणी बादलीत धरायचं आणि तेच संडासात ओतायचं. न्यूलँड्सच्या झऱ्यावर कॅन घेऊन रांगा लागलेल्या. शेजारीपाजारी हवालदिल, मी मात्र तोऱ्यात. गोरेगावात वाढलेल्या बाईला तांब्या-बादलीची आंघोळ काय शिकवता!

फोनवर आईने हवा काढली. "तू जन्मलीस तेव्हा घरात नळ होता. तुला कसली आलीय पाणीटंचाई? तुझ्या आजीने ओढलंय पाणी."

यंदा मुंबईला आले तेव्हा पोळ्या लाटता लाटता तिने सगळं नीट सांगितलं. हातातलं लाटणं आजीचंच, एका टोकाला टवका उडालेलं. महागाईविरोधात समाजवादी नेत्या मृणालताई गोरे आणि कम्युनिस्ट नेत्या अहिल्याताई रांगणेकरांनी बायकांना रस्त्यावर आणलं, तेव्हा याच लाटण्याने आजीने थाळी बडवली होती. "थाळी गेली मोडीत," आई म्हणाली, "लाटणं टिकलं."

मृणालताईंनी चळवळीसाठी डॉक्टरकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडलेलं. 1958 मध्ये पती केशव गोरे गेले, पदरात लहान मुलगी. 1961 मध्ये त्या महापालिकेत निवडून आल्या आणि गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावं म्हणून अशा काही भांडल्या, की नावच पडलं पाणीवाली बाई. 1972 मध्ये आमदार. आणीबाणीत आधी भूमिगत, मग तुरुंग. 1977 मध्ये लोकसभेत गेल्या, आणि त्याच निवडणुकीत इंदिरा गांधी हरल्या. त्या वेळची घोषणा आईला अजून तोंडपाठ: पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात! (हे म्हणताना लाटणं हवेत गेलं, पीठ माझ्या चष्म्यावर.)

लोक बहुतेक इथेच थांबतात, मला मात्र पुढचं जास्त मोलाचं वाटतं. 1985 मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या. गर्भातली मुलगी आहे का मुलगा हे पाहून गर्भ पाडायचे प्रकार मुंबईत राजरोस चालले होते. या चाचण्यांविरुद्ध मृणालताईंनी अशासकीय विधेयक आणलं. सरकारी बाकांवरून न आलेली विधेयकं सहसा पडून राहतात. पण बाहेर महिला संघटनांनी रान उठवलेलं होतं. 1988 मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशात पहिला. केंद्राचा कायदा यायला 1994 उजाडलं. मला दोन मुली आहेत, त्यामुळे असेल, पण नळापेक्षा मला हे मोठं वाटतं. आईला पटत नाही. "तू हंडा उचललेला नाहीस," एवढंच म्हणाली.

2012 मध्ये मृणालताई गेल्या. आता गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे.

निघायच्या आदल्या रात्री बॅग भरताना मी हळूच विचारलं, "आई, ते लाटणं नेऊ का गं?"

"आणि मी पोळ्या कशाने लाटू?"