बोनाफाईड दाखला

बंदिवानांच्या कुटुंबांसोबत मी समाजसेविका म्हणून काम करते. त्या दिवशी पुण्याजवळच्या एका वस्तीत बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला गेले होते. आई किंवा वडील तुरुंगात असलेल्या मुलांनाही या योजनेतून दरमहा २२५० रुपये मिळू शकतात, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊकच नसते. या घरातले वडील खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेपेची शिक्षा भोगत येरवडा कारागृहात होते. आई चार घरची धुणीभांडी करून आजीला आणि दोन मुलांना सांभाळत होती. मुलाखतीला, म्हणजे तुरुंगात नवऱ्याच्या भेटीला जायचे म्हणजे तिला कामाचा खाडा करावा लागे आणि त्या दिवसाचे पैसे कापले जात.

आजीने मला दारातच हळू आवाजात बजावले, “पोरांना काही बोलू नका हो. बाप सुरतेला कारखान्यात आहे असं सांगितलंय.” अशी सुरत, असे दुबई मी अनेक घरांत ऐकले आहे. मुलांवरच्या मायेपोटीच माणसे हे सांगतात, म्हणून त्यांना मी कधी दोष देत नाही.

अर्जाला तीन कागद कमी होते: उत्पन्नाचा दाखला, वडील शिक्षा भोगत असल्याचे कारागृहाचे पत्र आणि शाळेचा बोनाफाईड. शाळेत कारण विचारले तर काय सांगायचे, असे आई मला कुजबुजत विचारत होती. तेवढ्यात कोपऱ्यात गृहपाठ करत बसलेला तिचा अकरा वर्षांचा मुलगा वहीतून मान वर न काढता म्हणाला, “बोनाफाईड मी आणतो. सरांना माहीत आहे पप्पा येरवड्याला आहेत ते.”

आजीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. नळावरच्या भांडणात कुणीतरी त्याला ‘कैद्याचा पोरगा’ म्हटले होते आणि त्याला सगळे कळले होते, या गोष्टीला दोन वर्षे होऊन गेली होती. घरात का बोलला नाहीस, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “आजी रडते.” मोठी माणसे त्याला जपत होती आणि ती दोन वर्षे तो त्यांना जपत होता. शाळेत मात्र डबा एकटाच खात होता आणि क्रिकेट त्याने सोडून दिले होते. परीक्षेतले गुण कमी झाले म्हणून घरात तो बोलणी खात होता, ते मला फार लागले. त्याच्यावर कोणताही खटला नव्हता.

नेहमीच्या मुलाखतीत काचेपलीकडून फोनवर बोलावे लागते. गळाभेटीच्या उपक्रमात मात्र शिक्षा झालेल्या बंदिवानांना आपल्या लहान मुलांना जवळ घेता येते. त्याबद्दल मी सांगितले, तेव्हा पाच वर्षांच्या बहिणीने विचारले, “पप्पा मला ओळखतील का?” ती तान्ही असतानाच वडिलांना अटक झाली होती. आईने उत्तर देण्याआधीच भाऊ म्हणाला, “मी सांगेन ना त्यांना, ही आपली छकुली म्हणून.”

बोनाफाईड त्याने तिसऱ्या दिवशी आणला. कारण म्हणून काय सांगितलेस, हे मी त्याला विचारले नाही.