स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर जाताय? आधी सँडवुड बे

नकाशावर अंतरं छोटी दिसतात, पण इथले बरेच रस्ते एकपदरी आहेत. समोरून गाडी आली की डावीकडच्या 'पासिंग प्लेस'मध्ये, म्हणजे गाड्यांना एकमेकींना वाट देण्यासाठी रुंद केलेल्या जागेत, शिरायचं. ती जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं. मागच्याला घाई असली तरी तसंच. तिथे गाडी लावून फोटो मात्र काढू नका, त्याने सगळ्यांचीच वाट अडते.

एकच दिवस हाताशी असेल तर तो सँडवुड बे या वाळूच्या किनाऱ्याला द्या. ब्लेअरमोर गावात गाडी लावून साधारण साडेसहा किलोमीटर चालायचं, तेवढंच परत. बहुतेक वाट सोपी, पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या) दलदलीतून आणि तळ्यांच्या कडेने जाणारी. शेवटी वाळूच्या टेकड्यांमधून उतार लागतो. मऊ वाळूत पाय रुततात, परतताना तोच चढ दमवतो. येऊनजाऊन चार-साडेचार तास धरा. वाटेत दुकान नाही, आडोसाही नाही, म्हणून पाणी, खाणं आणि वारा अडवणारं जाकीट हवंच. समुद्रात पोहू नका, लाटांखालची ओढ जबर आहे.

पाऊस असेल तर डरनेस गावची स्मू गुहा. आतल्या दालनात नदी थेट छतातून कोसळते! आत नेणारी बोट मात्र फार पाऊस झाला की बंद असते.

पफिन हे समुद्रपक्षी बघायचे तर मे ते जुलै, डनेट हेड या भूशिरावर. कड्याची कडा ठिसूळ असते, दूरच राहा. उन्हाळ्यात वारा पडला की मिज नावाची चावरी चिलटं तुटून पडतात. डोक्यावरची जाळी जवळ ठेवा.